आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आठवी ते दहावी आम्हाला मराठी शिकवायचे. निबंधात 'समाज' किंवा 'लोक' असा शब्द आला की त्याखाली लाल पेन्सिलीची रेघ यायची आणि समासात एकच शब्द असायचा: 'कोण?' निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'कामाची जागा आणि मनाचं आरोग्य' असा छापला आहे. सरांनी लगेच विचारलं असतं, कोणाचं मन? म्हणून आधीच सांगून टाकते. मी आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नोकरदारांबद्दल बोलणार आहे. अकरा वर्षं मी न्यू जर्सीत समुपदेशक म्हणून काम केलं, त्यातली चार वर्षं फोनवर. आजच्या बोलण्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

तिकडे मोठ्या कंपन्या नोकरदारांसाठी एक सोय ठेवतात. 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम' हे तिचं पूर्ण नाव, पण सगळे 'ईएपी'च म्हणतात. 1940 च्या सुमारास कारखान्यांत दारू पिऊन येणाऱ्या कामगारांना सावरण्यासाठी जे उपक्रम निघाले, त्यांतून ही व्यवस्था वाढली. आता कंपनी बाहेरच्या एका संस्थेला पैसे भरते आणि नोकरदाराने अडचणीत असताना एका नंबरवर फोन करायचा असतो. त्याला स्वतःला काही खर्च येत नाही. एका अडचणीमागे ठरावीक सेशन मिळतात, आमच्या करारात सहा होती. त्या नंबरच्या पलीकडे मी बसायचे. कानाला हेडफोन, समोर स्क्रीनवर फॉर्म. झोप लागते का, भूक कशी आहे, दारू किती, जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का.

एका जानेवारीत दुपारी साडेबाराला एका बाईंचा फोन आला. ओळख पटेल असं काही सांगत नाही, तपशीलही थोडे बदलले आहेत. एका कंपनीच्या हिशेब खात्यात नऊ वर्षं नोकरी. ऑफिसात सगळीकडे काचा, म्हणून त्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून बोलत होत्या. मधूनच वायपर फिरल्याचा आवाज यायचा. डब्याचं झाकण उघडल्याचाही आला. रोज इथेच जेवते, म्हणाल्या. तक्रार अशी होती की रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडायला लागतं आणि रात्री तीनला जाग येते ती येतेच.

का, म्हणून विचारलं. त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली, तारखेनिशी. नवीन साहेबांनी ग्राहकापुढे ओळख करून देताना 'या किती छान बोलतात' असं कौतुक केलं. नऊ वर्षं हिशेब खात्यात काढलेल्या बाईला वाक्य नीट बोलता येतं, याचं कौतुक! शेजारच्या टेबलावरची एक जण न विचारता केसांना हात लावून गेली. ज्या दारातून बाकीचे हात हलवत आत जातात, त्याच दारात आठवड्यात दोनदा ओळखपत्र मागितलं गेलं. त्यांनी केलेला ताळा दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा तपासून घेतला जातो, इतरांचा घेतला जात नाही. त्यांनी या सगळ्याची एक वही ठेवली होती आणि त्या वहीतून वाचत होत्या.

आणि मी म्हणाले, "कदाचित त्यांचा तसा हेतू नसेल."

अगदी मायेने म्हणाले हो. पलीकडे थोडा वेळ नुसता वायपर. मग मी त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवला. चार आकडे मोजत आत, चार आकडे मोजत बाहेर. त्यांनी निमूट केला. "थँक यू, तुमची फार मदत झाली," म्हणाल्या. ऑफिसात दिवसातून दहादा ज्या आवाजात हे वाक्य म्हणत असतील, त्याच आवाजात. मी फॉर्मवर लिहिलं: सौम्य चिंता, श्वसनाचे व्यायाम दिले. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. सहातली पाच सेशन तशीच पडून राहिली.

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या दुपारी तो बंब मी होते.

आमच्या सुपरवायझर बाई स्वतः कृष्णवर्णीय, नेवार्कमध्ये वाढलेल्या, साठीला आलेल्या. माझी नोंद वाचून त्यांनी एकच विचारलं, "त्या वहीत आणखी काय होतं?" मला सांगता येईना. "तू विचारलंच नाहीस," एवढं बोलून त्या जेवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा होता. पुढचं बरंचसं त्या गठ्ठ्यातलं आहे.

1840 साली अमेरिकेच्या जनगणनेने पहिल्यांदा वेड लागलेल्यांची मोजणी केली. आकडे असे आले की उत्तरेकडच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांच्या जवळपास दहापट. गुलामीच्या समर्थकांना सणच झाला. स्वातंत्र्य या लोकांना सोसत नाही, हे आता सरकारी आकड्यांनी सिद्ध झालं म्हणे. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी 1844 मध्ये ब्रिटिश राजदूताला लिहिलेल्या पत्रात हे आकडे वापरले. मॅसॅच्युसेट्समधले एक डॉक्टर, एडवर्ड जार्व्हिस, मात्र तक्ते घेऊन बसले आणि गावागणिक ताळा करत गेले. ज्या गावात एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता, तिथे वेडे कृष्णवर्णीय नोंदले होते. वूस्टर गावच्या वेड्यांच्या इस्पितळातले 133 गोरे रुग्ण चुकीच्या रकान्यात, कृष्णवर्णीय म्हणून चढले होते. जार्व्हिसांनी बोंब ठोकली, काँग्रेसपर्यंत तक्रार गेली. जनगणना दुरुस्त झाली नाही.

1851 साली लुईझियानातले डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी गुलामांच्या 'रोगां'वर निबंध लिहिला. एक रोग म्हणजे 'ड्रॅपेटोमेनिया', पळून जाण्याचं वेड. गुलामाला पळावंसं का वाटतं, हे विचारायचं कारणच उरलं नाही. रोगच तो. दुसऱ्याचं नाव इतकं लांबलचक आहे की इथे घेत नाही, पण लक्षण सोपं होतं: कामात मन नसणं, अवजारं मोडून ठेवणं. मळ्यावरचे मुकादम त्याला लुच्चेगिरी म्हणत, डॉक्टर आजार म्हणाले. औषध काय? अंग धुवायचं, तेल चोपडायचं, ते तेल कातडी पट्ट्याने मारून जिरवायचं आणि मग उन्हात अंगमेहनतीचं काम द्यायचं. बिनपगारी राबणाऱ्या माणसाचं कामात लक्ष लागत नाही, याचं निदान डॉक्टरने केलं आणि उपचार मुकादमाने. नोकरीच्या जागेवरच्या मानसिक आरोग्याचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर पहिलं प्रकरण हेच निघेल.

हे फार जुनं झालं, असं वाटेल. मग 1974 ची एक जाहिरात सांगते. मनोविकारतज्ज्ञांच्या एका नामांकित नियतकालिकात हॅल्डॉल या औषधाची जाहिरात आली. चित्रात रस्त्यावर उभा एक संतापलेला कृष्णवर्णीय पुरुष, मूठ आवळलेली. रुग्ण आक्रमक झालाय का, असा मजकूर. काळ नागरी हक्कांच्या चळवळीनंतरचा होता, आणि वळलेली मूठ ही तेव्हा कृष्णवर्णीयांच्या लढ्याची खूण होती, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. जोनाथन मेट्झल या मनोविकारतज्ज्ञाने मिशिगनमधल्या आयोनिया इस्पितळाची जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं, की स्किझोफ्रेनिया हे निदान चळवळीच्या त्या दशकांत कसं गोऱ्या गृहिणींकडून सरकत डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पुरुषांवर येऊन बसलं. औदासीन्याच्या जागी स्किझोफ्रेनियाचं निदान कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जास्त येतं, हे त्यानंतरचे अभ्यासही सांगत आले आहेत.

आणि टस्कीगी. अलाबामात 1932 ते 1972, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना औषध न देता नुसतं पाहत ठेवलं. तुमचं रक्त बिघडलंय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पेनिसिलिन आलं, सगळीकडे मिळू लागलं, तरी यांना नाही.

हे सगळं त्या गाडीत बसलेल्या बाईंना पाठ असेलच असं नाही. पण आजीने 'डॉक्टरला सगळं सांगायचं नसतं' असं बजावलेलं असतं. इतिहास घरात असाच उतरतो, आजीच्या एका वाक्यात. अशा घरात वाढलेली बाई कंपनीच्या पैशाने चाललेल्या नंबरवर फोन करते, म्हणजे किती मन घट्ट करून करत असेल. मी तिला पहिल्या दहा मिनिटांत, समोरच्याचा हेतू चांगला असेल, असं सांगितलं. म्हणजे तिची वही खोटी पाडली.

त्या वहीतल्या गोष्टींना एक नाव आहे, मायक्रोॲग्रेशन. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी 1970 मध्ये ते दिलं. हे गृहस्थ मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमाचेही सल्लागार होते. टीव्हीवर कोण कोणाशी कसं वागतं, याचा मुलांच्या मनावर काय ठसा उमटतो, हे ते बघत. मराठीत या शब्दाला 'सूक्ष्म आक्रमण' वगैरे प्रतिशब्द दिलेले मी वाचलेत. मला ते पटत नाहीत. माझ्या मते आपल्याकडे चांगला शब्द आहे, कुसळ. कुसळ टोचतं पण दिसत नाही. दुसऱ्याला दाखवायला गेलं तर 'कुठेय?' म्हणतो. चोळलं की आणखी आत जातं. एक कुसळ कोणीही सोसेल. पण रोज त्याच जागी नवं टोचत राहिलं, तर तो हात कायम आखडूनच राहणार.

आखडून राहण्याला शरीर किंमत मोजतं. शर्मन जेम्स नावाच्या संशोधकाला 1970 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिनात एक शेतकरी भेटला, जॉन हेन्री मार्टिन. वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात जन्मलेला, फार न शिकलेला. त्याने ऐन चाळिशीत 75 एकर जमीन स्वतःची केली, आणि तीही कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी, रात्रंदिवस खपून फेडून. साठीच्या आत उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटात असा व्रण की जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागला. त्याच्या नावाचा योगायोग बघा. जॉन हेन्री म्हणजे अमेरिकन लोककथेतला तो पहाड फोडणारा मजूर, जो वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकला आणि हातोडा हातात असतानाच मेला. जेम्स यांनी त्या जिद्दीने झिजण्यालाच 'जॉन हेन्रीझम' नाव दिलं. ऑफिसात याला काय म्हणतात? 'डेडिकेटेड एम्प्लॉयी'. दुप्पट चांगलं काम कर तेव्हा तुला निम्मं मिळेल, हे कृष्णवर्णीय घरांत मुलांना लहानपणीच सांगितलं जातं. कंपनीला असा नोकर हवाच असतो. वार्षिक मूल्यमापनात त्याला तारे मिळतात, रक्तदाबाची गोळीही त्याच वर्षी सुरू होते.

बरं, आत शिरण्याआधीचं काय? मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोत सुमारे पाच हजार खोटे अर्ज धाडले. शिक्षण, अनुभव सारखाच, फक्त काहींवर एमिली, ग्रेग अशी नावं आणि काहींवर लकिशा, जमाल. 2004 साली निकाल छापून आला: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना बोलावणी निम्म्याने जास्त. मी हे व्याख्यानात सांगते तेव्हा अमेरिकन श्रोते हळहळतात. इथे ते नुसतं कानावर पडलं तरी कळतं. 'आडनाव काय म्हणालात?' या प्रश्नाचा अर्थ या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको.

पण माझ्या धंद्याला लाज आणणारा प्रयोग पुढचा आहे. हेदर कुगेलमास या संशोधिकेने न्यू यॉर्कमधल्या 320 मानसोपचारकांच्या फोनवर निरोप ठेवले. मला त्रास होतोय, माझा विमा अमुक, वेळ मिळेल का. निरोप सारखेच, बदल फक्त नावात आणि बोलण्याच्या ढंगात. 2016 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. मध्यमवर्गीय गोऱ्या वाटणाऱ्यांपैकी 28 टक्क्यांना वेळ मिळाली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय वाटणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना. कष्टकरी ढंगात बोलणाऱ्यांना, मग रंग कोणताही असो, त्याहून कमी. मन उलगडून दाखवा म्हणणारे आम्ही, दार कोणासाठी उघडायचं ते आवाज ऐकून ठरवतो.

आता उपाय. इथे लोकांना वाटतं, सोपं आहे, कृष्णवर्णीय समुपदेशक नेमा. नेमावेतच. पण लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 13 टक्के आणि मानसशास्त्रज्ञांत शंभरातले जेमतेम चार-पाच, मग आणणार कुठून? आणि रंग जुळला की मन जुळतं, हेही खरं नाही. नायजेरियातून आलेला इंजिनीअर, हैतीची नर्स आणि अलाबामाच्या मळ्यांतून चार पिढ्यांपूर्वी शिकागोला आलेलं कुटुंब, हे आपल्याला एका रंगाचे दिसतात. त्यांच्या आज्यांनी बजावलेली वाक्यं वेगळी असतात.

हार्लेममध्ये 1946 च्या मार्चमध्ये एक दवाखाना निघाला, लाफार्ग क्लिनिक. सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात, आठवड्यातून दोन संध्याकाळी. फी 25 सेंट, तेही असतील तर. कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी त्यासाठी धडपड केली. प्रमुख डॉक्टर फ्रेडरिक वर्थम. हा गोरा, जर्मनीत जन्मलेला माणूस.   तळघरात काही वेगळं औषध नव्हतं. फरक इतकाच होता की घरमालकाने छळलं, नोकरीवर अपमान झाला, पोलिसाने अडवलं, हे रुग्णाने सांगितलं तर ते कल्पनेत जमा होत नसे. ती केसमधली हकिकत होती, तापाच्या नोंदीसारखी. वेळ पडली तर डॉक्टर कोर्टात साक्षीलाही जात. डेलावेअरमध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याविरुद्धच्या खटल्यात वर्थम उभे राहिले, आणि तो खटला पुढे अशा वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या प्रसिद्ध 'ब्राउन' निकालात सामील झाला. पोराचं दुखणं शाळेत आहे, तर शाळेवर इलाज करायचा. बंब रामेश्वरी पाठवायचा.

1946 मध्येच, त्याच हार्लेममध्ये मेमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क या नवरा-बायकोने मुलांसाठी नॉर्थसाइड हे केंद्र काढलं. मेमीबाई कोलंबिया विद्यापीठाच्या पीएचडी होत्या आणि तरीही न्यू यॉर्कमध्ये त्यांना आपल्या तोडीची नोकरी मिळेना. शेवटी वडिलांकडून 946 डॉलर उसने घेऊन स्वतःच केंद्र उघडलं. ज्या नोकरीच्या बाजाराने त्यांना दार दाखवलं, त्यात पोळलेल्यांची मुलं त्यांच्याकडे येत होती.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र अमेरिकेतली नाही. 1953 मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन अल्जेरियातल्या ब्लिदा इथल्या इस्पितळात रुजू झाले. युरोपीय बायकांच्या वॉर्डात त्यांनी सण, सिनेमा, वॉर्डाचं साप्ताहिक, विणकाम असं सगळं सुरू केलं आणि बायका सुधारू लागल्या. तेच अल्जेरियन मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात नेलं तर पूर्ण फसलं. पुरुष यायचेच नाहीत, आले तर गप्प. इतर डॉक्टर म्हणाले असते, हे लोकच असे. फॅनन आणि त्यांचा सहकारी अझुले यांनी उलट लिहून ठेवलं की चूक आमची, आम्ही त्यांना दुसऱ्यांचं घर देऊ केलं. मग त्यांनी इस्पितळातच गावाकडचा असतो तसा कहवाखाना थाटला, गोष्टी सांगणारा बोलावला, त्यांचे सण साजरे केले. वॉर्डाला वाचा फुटली. 'सांस्कृतिक भान असलेला उपचार' या जड शब्दांचा अर्थ मला कोणी विचारला तर मी हा कहवाखाना दाखवते. आर्कान्सामधून सुरू झालेल्या 'कन्फेस प्रोजेक्ट'ने तेच ओळखलं. कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरकडे जात नाही, पण दर पंधरवड्याला न्हाव्याच्या खुर्चीत बसतो आणि तिथे बोलतो. मग त्यांनी न्हाव्यांनाच ऐकायला शिकवलं.

ऑफिसात कहवाखाना कसा काढायचा? कंपन्यांना वाटतं, फेब्रुवारीत 'ब्लॅक हिस्ट्री मंथ'चं पोस्टर लावलं की निघाला. नाही. समुपदेशकाची निवड नोकरदाराच्या हातात हवी, आणि पहिला नाही जमला तर दुसरा मागताना कारण द्यावं लागू नये. 2013 च्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत, सोळा प्रश्नांची एक मुलाखत आहे. तुम्ही या त्रासाला काय म्हणता, तुमच्या माणसांना तो कसा दिसतो, आधी कोणाकडे गेला होतात, असे साधे प्रश्न. पाद्रीबाबांकडे गेले होते, असं उत्तर आलं तर ते 'उपचार घेतले नाहीत' या रकान्यात जात नाही. पण अर्ध्या तासाच्या फोनवर सोळा प्रश्न कोण विचारणार? करारात सेशन मोजतात, प्रश्न नाही.

आणि खरी गोम पुढे आहे. समजा समुपदेशक उत्तम मिळाला. त्याच्याकडे एकाच खात्यातून, एकाच साहेबाखालून वर्षात चार कृष्णवर्णीय आले. नावं गुप्त ठेवून, खातं ओळखू येणार नाही अशी काळजी घेऊन, ही गोष्ट कंपनीला सांगायची वाट आहे का? बहुतेक करारांत मी ती पाहिली नाही. माझ्या फॉर्मवर झोप होती, भूक होती, दारू होती. 'तिथे काय घडलं?' हा रकाना नव्हता. कंपनीला वर्षअखेरीस जो अहवाल जायचा त्यात इतके फोन, इतकी चिंता, इतकं औदासीन्य. जणू ही माणसं घरून चिंता घेऊन कामाला आली. मार्टिन ल्यूथर किंग 1967 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनपुढे बोलले तेव्हा त्यांनी हाच मुद्दा मांडला होता. तुम्ही 'जुळवून न घेता येणं' हा शब्द फार वापरता, पण काही गोष्टी अशा असतात की त्यांच्याशी शहाण्या माणसाने जुळवून घेऊच नये. त्याच सुमारास, 1968 मध्ये, कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची वेगळी संघटना काढली.

मे 2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला आणि महिन्याभरात प्रत्येक कंपनीला कंठ फुटला. ईमेल, शपथा, देणग्या. आमचे फोन दुप्पट झाले. पण कशासाठी? पुष्कळ कृष्णवर्णीय नोकरदार सांगत होते, की आता रोज एका बैठकीत बोलावून 'तुमचा अनुभव सांगा' म्हणतात. गोऱ्या सहकाऱ्यांचं शिक्षण व्हावं म्हणून आपली जखम उघडून दाखवायची, तेही रोजचं काम सांभाळून आणि बिनपगारी. एक जण म्हणाला, मला दोन दिवस झोपायला सुट्टी दिली असती तर बरं झालं असतं. त्याच काळात घरून काम सुरू झालं होतं. 2021 मध्ये स्लॅक कंपनीच्या 'फ्यूचर फोरम'ने ऑफिसी नोकरदारांना विचारलं, पूर्ण वेळ ऑफिसात परत जायचंय का? गोऱ्यांतले 21 टक्के हो म्हणाले, कृष्णवर्णीयांतले 3 टक्के. मला हा आकडा कुठल्याही चिंतामापन चाचणीपेक्षा जास्त बोलका वाटतो. घरच्या स्वयंपाकघरात केसांना कोणी हात लावत नाही.

पुढे वारं फिरलं. 1965 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सरकारी कंत्राटदारांवर समान संधीचं बंधन घालणारा आदेश काढला होता. 21 जानेवारी 2025 ला तो रद्द झाला. कंपन्यांनी विविधतेची खाती गुंडाळली, नाहीतर नावं बदलली. ईएपीचा नंबर भिंतीवर तसाच आहे. उलट अशा काळात तो जास्त जोमाने सांगितला जाईल, असं माझं भाकीत आहे. श्वासाच्या व्यायामाला कोणाचाच विरोध नसतो.

आता आपल्याबद्दल. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या निग्रोंच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. 1972 मध्ये मुंबईच्या दलित तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सचं नाव उचललं. आपण हे व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरात मात्र मी दुसरंच ऐकलं. 'त्या भागात घर घेऊ नका, तिथे काळे राहतात.' मीही पहिल्या वर्षी हे म्हटलंय. बाबासाहेब कोलंबियात शिकले, तिथून हार्लेम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमची मंडळी चाळीस वर्षं एडिसनमध्ये राहून नेवार्कला विमान पकडण्यापुरती जातात.

आणि आता आपली मुलं तिथे नुसती नोकरदार नाहीत, मॅनेजर आहेत. म्हणजे त्या वहीत ज्या साहेबाचं नाव असतं, ते आडनाव उद्या आपल्यातलं असू शकतं. दारात ओळखपत्र कोणाचं मागायचं, कोणाचा ताळा दोनदा तपासायचा, कौतुक कशाचं करायचं, हे तोच ठरवतो. त्याला मानसशास्त्र यायची गरज नाही. 'तसा हेतू नसेल' हे वाक्य त्याने गिळलं आणि 'कधी झालं, कोण होतं तिथे' हे विचारलं, तर माझ्यासारख्या फोनवाल्यांचं निम्मं काम कमी होईल.

या सभागृहातल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे, हे मला माहीत आहे. रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल होतो. जेवलास का, बर्फ पडतोय का, नातवाचा दात आला का, हे सगळं विचारून झालं की या रविवारी आणखी एक विचारा. तुझ्या टीममध्ये कृष्णवर्णीय कोणी आहे का, त्यांचं नाव काय, आणि दुपारचा डबा ते कुठे खातात? उत्तर 'माहीत नाही' असं येईल. मग सांगा, उद्या बघून ये. आणि पुढच्या रविवारी 'गाडीत' असं उत्तर आलं, तर फोन लगेच ठेवू नका.